आरोळीने ठरलेले युद्ध

फराळाच्या ताटाशेजारी ठेवावे असे हे पुस्तक नव्हे, हे मी आधीच कबूल करतो. पण ते मी हाती घेतले त्याला कारण माझ्या वर्गातला एक मुलगा. पहिल्या महायुद्धाची कारणे मी दरवर्षीप्रमाणे पाच मुद्द्यांत फळ्यावर लिहिली, तेव्हा तो उठून म्हणाला, “सर, मग ते टळलेच नसते का?” मी “नसते” म्हणालो आणि घंटा झाली. घंटेने मास्तरांची अब्रू अशी अनेकदा वाचविली आहे. या खेपेला मात्र प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

पुढे मेच्या सुटीत मी थ्युसिडिडीजने लिहिलेला पेलोपोनेशियन युद्धाचा इतिहास वाचला. ग्रीक मला येत नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, तेव्हा इंग्रजी भाषांतरही कोश उशाशी घेऊनच वाचावे लागले. अथेन्स आणि स्पार्टा या दोन बलाढ्य नगरराज्यांत इसवी सनापूर्वी ४३१ ते ४०४ अशी सत्तावीस वर्षे चाललेल्या युद्धाची ही हकीकत आहे. लेखक स्वतः अथेन्सचा सेनापती. ४२४ मध्ये अँफिपोलिस हे शहर त्याच्या हातून निसटले आणि त्याला वीस वर्षे देशाबाहेर काढावी लागली. त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहण्याची संधी मिळाली, असे तो सांगतो. इतक्या कोरडेपणाने आपले दुःख सांगणारा लेखक मला तरी दुसरा आठवत नाही.

या ग्रंथातले एक विधान फार प्रसिद्ध आहे. अथेन्सचे बळ वाढत गेले, त्याची स्पार्टाला धास्ती पडली आणि त्यामुळे युद्ध अटळ झाले, असा त्याचा आशय. ग्रॅहम अॅलिसन या अमेरिकन प्राध्यापकांनी २०१७ साली याच आशयावर अमेरिका आणि चीन यांच्याविषयी पुस्तक लिहिले. गेल्या पाचशे वर्षांत उगवती सत्ता प्रस्थापित सत्तेला भिडल्याचे सोळा प्रसंग त्यांनी मोजले; त्यांपैकी बारांत युद्ध झाले. उरलेल्या चारांचाही त्यांनी विचार केला आहे. पण वाचणाऱ्याच्या ध्यानात बाराच राहतात, आणि थ्युसिडिडीजचे नाव एखाद्या सापळ्याला द्यावे तसे सगळीकडे वापरले जाते.

माझी तक्रार अशी की, ते विधान वाचून लोक पुस्तक मिटतात. पुढची पाने ते विधान खरे ठरवीत नाहीत. किंबहुना त्याच्याशी भांडतात.

भांडणाचे मूळ पाहा. एपिडॅम्नस, म्हणजे आजच्या अल्बेनियातील दुरेस, या लहानशा गावात अंतर्गत तंटा झाला. त्यात एका बाजूने कॉरिंथ पडले, दुसऱ्या बाजूने कोर्सायरा, म्हणजे आजचे कॉर्फू. कोर्सायराचे वकील मदत मागायला अथेन्सला आले. तेथील सभेचा कल पहिल्या दिवशी कॉरिंथकडे होता. दुसऱ्या दिवशी तो बदलला आणि कोर्सायराला फक्त संरक्षणापुरता हात द्यायचे ठरले. मग दहा जहाजे गेली. एका रात्रीत फिरणाऱ्या सभेला अटळ म्हणावे काय?

माझ्यातल्या कादंबरीकाराला खिळवून ठेवले ते ४३२ मधल्या स्पार्टाच्या सभेने. कॉरिंथचे वकील स्पार्टाला चिथावतात आणि आम्हांला दुसरे मित्र शोधावे लागतील, असा इशाराही देतात. मोठ्याच्या पाठीशी उभा राहिलेला लहान भाऊ त्याला मारामारीत कसा ढकलतो, हे प्रत्येक वाड्याने पाहिले आहे. नंतर वृद्ध राजा आर्किडॅमस उठतो. तो भित्रा नव्हे. तयारी करा, पण आधी बोलणी करा, लवादाकडे जा, असे तो सांगतो. हे युद्ध आपण मुलांच्या पदरात टाकून जाऊ, ही भीतीही बोलून दाखवतो. मग स्थेनेलायडस नावाचा अधिकारी चार तडफदार वाक्ये बोलतो आणि मते मागतो. स्पार्टात मत आरोळीने देण्याची रीत. तो म्हणतो, कोणती आरोळी मोठी ते मला कळत नाही. ज्यांना तह मोडला असे वाटते त्यांनी इकडे उभे राहावे, ज्यांना वाटत नाही त्यांनी तिकडे. मी वर्गात हात वर करायला सांगतो तेव्हा पोरे आधी शेजाऱ्याकडे पाहतात. गर्दीत ओरडणे निराळे आणि सगळ्यांदेखत शांततेच्या बाजूला जाऊन उभे राहणे निराळे. हे स्थेनेलायडसला पक्के ठाऊक होते.

लेखकाचा एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे. अथेन्सने मेगारा या शेजाऱ्याला आपल्या साम्राज्यातील बंदरे आणि अथेन्सचा बाजार बंद केला होता. तो ठराव मागे घ्या, युद्ध होणार नाही, असे स्पार्टाचे वकील सांगत होते; पेरिक्लीजने एक पाऊलही मागे घेतले नाही. या ठरावाला थ्युसिडिडीज अगदी थोडी जागा देतो. मेगाराची भूक पाहायची तर अॅरिस्टोफेनीजच्या ४२५ मधल्या प्रहसनाकडे जावे लागते. तिथे मेगाराचा एक बाप आपल्या दोन मुलींना डुकराची पिल्ले म्हणून बाजारात विकायला आणतो. प्रेक्षक हसले असतील. इतिहासकाराला त्या बापासाठी एक परिच्छेद सापडू नये, हे मला खटकते.

युद्धाचा ठराव झाल्यावरही स्वारीला जवळजवळ वर्ष लागले. स्वारीचे नेतृत्व आले ते आर्किडॅमसकडेच. अथेन्सवाले अजून नमतील या आशेने तो रेंगाळत चालला आणि सैन्य त्याच्यावर कुरकुरत राहिले. ज्याने नको म्हटले, त्याचेच नाव इतिहासाने या युद्धाच्या पहिल्या दहा वर्षांना दिले आहे. तो वारल्यावर सेना त्याच्या मुलाच्या, आगिसच्या हाती आली, आणि ४०४ मध्ये अथेन्स शरण आले तेव्हाही आगिस लढतच होता.

शाळा सुरू झाल्यावर त्या मुलाला मी ही सभा सांगितली. फळ्यावरचे पाच मुद्दे तसेच ठेवले, परीक्षेला तेच लागतात. त्याने विचारले, “सर, तिकडे किती जण उभे राहिले?” थ्युसिडिडीज आकडा देत नाही.