आकाशातून दिसणारा आरोपी

मराठवाड्यात घडणाऱ्या गुन्हेपटांची आणि वेबमालिकांची सुरुवात अलीकडे इतकी ठरीव झाली आहे की श्रेयनामावली संपण्याआधीच आरोपी कोण, हे प्रेक्षकाला कळून चुकते. ड्रोन बालाघाटच्या माळावरून सरकत येतो, चित्रीकरणानंतरच्या रंगसंस्कारात जमीन पिवळी-तांबूस करून टाकलेली असते, खाली पत्र्याची चार घरे दिसतात आणि खर्जातला एकच लांबवलेला स्वर पोटात गोळा आणतो. धाराशिव जिल्ह्याच्या शिवारात श्रावणात सोयाबीन गुडघाभर आणि हिरवेगार उभे असते, पण त्या हिरव्याला या चित्रपटांत थारा नाही, कारण कोरडी जमीन म्हणजे कोरडी माणसे आणि कोरडी माणसे म्हणजे गुन्हा, हे समीकरण कथेआधीच मांडून ठेवायचे असते.

या सवयीला चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने (२०१४) केव्हाच उत्तर दिले आहे. तो रूढ अर्थाने गुन्हेपट नसला, तरी गुन्हा कसा तयार केला जातो हे त्याच्या प्रारंभाइतके स्वच्छ क्वचितच कोणी दाखवले असेल. वीरा साथीदार यांनी साकारलेला लोकशाहीर नारायण कांबळे मुलांची शिकवणी घेतो, बाहेर पडून बसने जातो, उघड्या मंचावर चढून गातो आणि गाणे चालू असतानाच पोलीस येऊन ठेपतात. मृणाल देसाई यांचा कॅमेरा या सगळ्याकडे स्थिर उभा राहून दूरदृश्यातून, म्हणजे माणूस त्याच्या परिसरासकट दिसेल इतक्या अंतरावरून पाहतो आणि दृश्य मध्येच न तोडता चालू ठेवतो. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने पोलिसाचे बूट, शाहिराचे डोळे, गर्दीतला भेदरलेला चेहरा अशी समीपदृश्ये भराभर जोडून प्रेक्षकाच्या रागाची सोय केली असती. इथे मात्र अटक कचेरीतल्या रोजच्या कामासारखी उरकते आणि भीती तिच्या त्या सहजपणातच आहे. गाण्याने एका गटार सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केले हा आरोप नंतर येतो, तोवर प्रेक्षकाने त्या माणसाची शिकवणी आणि बसप्रवास पाहिलेला असतो, म्हणून तो आरोपाचा श्रोता न राहता साक्षीदार होतो.

‘डोंबिवली फास्ट’ने (२००५) रोजच्या धावपळीच्या पुनरावृत्तीतून, निव्वळ संकलनाच्या बळावर, असाच साक्षीदार घडवला होता. 

ड्रोनच्या समर्थनार्थ भव्यतेचे नाव पुढे केले जाते. उंची स्वतः दोषी नाही. फ्रिट्झ लँग यांच्या ‘एम’ची (१९३१) सुरुवातही रिंगण करून खेळणाऱ्या मुलांकडे वरूनच पाहते, पण तो कॅमेरा थोड्याच वेळात लेकीची वाट पाहणाऱ्या आईच्या घरात येऊन थांबतो. आपला ड्रोन खाली उतरतच नाही. तो पारधी पेढीवर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, घिरट्या घालतो आणि तेथील कोणाचे नाव, आवाज किंवा चेहरा समजण्याआधी संपूर्ण वस्तीला संशयित ठरवतो. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नेमके हेच केले होते. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला, तरी त्याची नजर पहिल्या चौकटीत शाबूत असेल, तर पुढच्या दोन तासांत नायकाने कितीही सहानुभूतीची भाषणे ठोकली तरी ती वाया जातात. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या मुलांची शाळा आहे. तिथे शिकलेल्या मुलाने हे चित्र पडद्यावर पाहून स्वतःला कुठे शोधावे?

पंचनाम्यात पंचाने डोळ्यांनी पाहिले तेवढेच उतरवायचे असते आणि चित्रपटाच्या पहिल्या दृश्याकडून निदान तेवढ्या सचोटीची अपेक्षा धरणे गैर नाही. ज्याला पेढीवरून कथा सुरू करायची असेल, त्याने ड्रोन पेटीत ठेवून एखाद्या दारासमोर तिपाई मांडावी आणि पोलिसांची गाडी आत शिरेपर्यंत घरातल्या माणसाला त्याचा चहा पुरा पिऊ द्यावा. तेवढा वेळ ज्याच्यापाशी नाही, त्याने या जिल्ह्यात चित्रीकरणाला येऊ नये.