हसविणाऱ्याचे आत्मकथन : दादा कोंडके यांचे ‘एकटा जीव’

मागेपुढे कोणी नसलेल्या निश्चिंत माणसाला मराठीत ‘एकटा जीव सदाशिव’ म्हणतात. दादा कोंडके यांच्या १९७२ मधील चित्रपटाचे नावही तेच होते. अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलेल्या त्यांच्या आत्मकथनाच्या नावातून मात्र ‘सदाशिव’ गळला आहे. ग्रंथाचे वाचन येथूनच सुरू व्हावे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

कृष्णा कोंडके (१९३२-१९९८) मुंबईच्या गिरणी कामगार वस्तीत वाढले. तरुणपणी वर्षभराच्या अवधीत घरातील अनेक जिवलग गेले. त्यानंतर दादांनी बोलणे टाकले, अन्नावरची वासना उडाली. आणि पुढे कधीतरी लोकांना हसवायचे असे ठरविले, हे ते स्वतःच सांगत. ‘दुःखातून विनोद जन्मला’ हे उत्तरपत्रिकांतील लाडके वाक्य याच कथनावर उभे आहे. ते स्वीकारणे कठीण आहे. शोकाने हसविण्याची ओढ दिली असेल, पण कसब बँडपथकाने, सेवा दलाच्या कलापथकाने आणि वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’च्या दीड हजारांहून अधिक प्रयोगांनी दिले. प्रेक्षक कोठे हसतो, त्याचे हसू ओसरेपर्यंत किती थांबायचे, हे रोजच्या प्रयोगात शिकावे लागते. पुढे ‘सोंगाड्या’ (१९७१) आला, रौप्यमहोत्सवांची रांग लागली. या यशाने त्या मृत्यूंची भरपाई झाली असे वाचणे हा मृतांवरही अन्याय होय.

उर्दूतील एक उदाहरण आपल्या हैदराबादचेच आहे. ‘सियासत’मधील विनोदी सदर लिहिणारे शाहिद सिद्दीकी १९६२ मध्ये वारले आणि ती रिकामी जागा भरण्याचे काम मुज्तबा हुसैन यांच्याकडे आले. एका मृत्यूमुळे विनोदाकडे वळलेल्या या लेखकाने पुढे ‘अपनी याद में’ लिहून स्वतःच्याच मृत्यूची आपबीती सांगितली. तेथे लेखणी त्यांच्याच हाती होती. दादांचे मौन मात्र दुसऱ्याच्या लेखणीतून येते. बोलीचा ठसका कोठे टिकला, कोठे नीटनेटका झाला, हे वाचकास कळत नाही. शब्दांकित आत्मकथनाची ही मर्यादा वर्गात सांगितलीच पाहिजे.

दादांच्या राजकीय व्यासपीठाशी आपल्यापैकी अनेकांचे पटणार नाही आणि त्यांचे द्व्यर्थी संवाद वर्गात वाचणेही अवघडच. पण तेवढ्यावरून ग्रंथ बाजूला सारू नये. तारनाक्याच्या परिसरात शिकायला येणाऱ्या मुलामुलींतही घरातील मृत्यूनंतर महिनोन्‌महिने अबोल झालेली मुले असतात. त्यांना शोकाचे रूपांतर कर्तृत्वात करा, असे सांगणे निष्ठुरपणाचे आहे. दादांनाही ते लगेच जमले नव्हते. म्हणून ‘दुःखातून विनोद कसा जन्मला?’ या प्रश्नाऐवजी ‘त्या अबोल काळात त्यांच्याजवळ कोण होते?’ असा प्रश्न घ्यावा. त्यासाठी मुलांना पुस्तक पुन्हा उघडावे लागते.