दोन बालपणे आणि एक शहर

सुरत हे नाव मराठी मुलाला पहिल्यांदा भेटते ते इतिहासाच्या पुस्तकात. १६६४ आणि १६७० सालच्या दोन स्वाऱ्या, बस्स. उधना-लिंबायतच्या वस्तीत वाढणाऱ्या खानदेशी मुलाला आपल्या गावाविषयी मराठीत एवढेच वाचायला मिळते. या शहरात कुणी लहानाचा मोठा झाला आणि त्याने ते लिहून ठेवले, हे त्याला कुणी सांगत नाही. म्हणूनच कवी नर्मदाची ‘मारी हकीकत’ आणि साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ही दोन पुस्तके मी शेजारी ठेवून वाचली.

योगायोग असा, की दोहोंना १९३३ हे साल बांधते. नर्मद सुरतेत १८३३ मध्ये जन्मला. आत्मकथा त्याने १८६६ मध्ये लिहिली. सर्वांसाठी ती प्रसिद्ध झाली जन्मशताब्दीच्या वर्षी. त्याच १९३३ मध्ये गुरुजी नाशिकच्या तुरुंगात श्यामच्या बेचाळीस रात्री लिहीत होते.

पण दोघांची आठवण काढण्याची रीत किती वेगळी! गुरुजींचे पालगड आईभोवती फिरते. पोहायला भिणाऱ्या श्यामला आई फोकाने मारते, तेव्हाही त्या माराला अर्थ असतो. प्रत्येक प्रसंग संस्कारापाशी येऊन थांबतो. ही या पुस्तकाची ताकद आहे आणि मर्यादाही. मुलाचा राग, त्याचे हट्ट शेवटी आईच्या डोळ्यांतील पाण्यात विरघळतात.

नर्मद मुलांचा लेखक नव्हे. वडील लालशंकर मुंबईत लेखनिक. त्यामुळे त्याचे बालपण सुरत आणि मुंबई यांत वाटले गेले. कूळ, शाळा, वाचन, पैसा यांचा हिशेब तो जमाखर्चाच्या वहीसारखा मांडतो. आपल्या लेखनाला तो स्वतःच अपुरा खर्डा म्हणतो. ओलावा कमी, पण बोध काढण्याची घाई नाही. स्वतःविषयी खरे बोलण्याचे हे धैर्य आपल्या बालसाहित्याने त्याच्याकडून घ्यायला हवे होते.

मग आपल्या मुलांना काय द्यावे? माझे मत स्पष्ट आहे : दोन्ही द्यावीत. श्याम मराठीतून वाचावा, नर्मदाचे निवडक भाग घरातल्या मोठ्यांनी गुजरातीतून वाचून दाखवावेत. दुभाषी जिल्ह्यात राहण्याचा एवढा तरी लाभ आपण पदरात पाडून घ्यावा.

तरीही एक जागा रिकामी राहते. गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते. तिथूनच तापी खोऱ्यातील रेल्वेने आपली माणसे सुरतेस आली. घरात अहिराणी, महापालिकेच्या शाळेत मराठी, गल्लीत गुजराती, बाप मागावर रात्रपाळीला : हे बालपण ना श्यामचे, ना नर्मदाचे. ते जगलेली पहिली पिढी आता आजोबा-आजी झाली आहे. त्यांनी ते गुरुजींच्या मायेने आणि नर्मदाच्या सडेतोडपणे लिहावे. शुद्धलेखनाची भीती बाळगू नये. खर्डा म्हणून लिहिले तरी चालेल. नातवंडांना सुरतेविषयी मराठीत दुसरे काहीतरी वाचायला मिळेल.