पोरांना न फसवणारी चित्रं

गोव्यातल्या पेडणे तालुक्याच्या पूर्वेला, दोडामार्गच्या हद्दीजवळ इब्रामपूर. पश्चिमेला समुद्रावर मोरजी. एकीकडे काजूच्या बागा, दुसरीकडे रशियन लिपीतल्या पाट्या. पर्यटनाच्या मोसमात मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर रशियन कुटुंबं इतकी असतात की हॉटेलांची मेनूकार्डंसुद्धा त्यांच्या लिपीत छापलेली दिसतात. या कुटुंबांतली पोरं जी कार्टूनं बघतात त्यातली बरीचशी त्यांच्या आज्यांनीही लहानपणी बघितली आहेत. मुलांसाठी केलेला चित्रपट पन्नास वर्षं टिकावा, हे आपल्याकडे क्वचितच घडतं. ती टिकली याचं श्रेय मी त्यांच्या गोडव्याला देत नाही. गोड कार्टूनं जगात पोत्यानं आहेत. सोविएत चित्रपटांनी पोरांना फसवलं नाही. एकटेपणाला एकटेपणाच राहू दिलं, हे खरं कारण.

मॉस्कोत 1936 साली ‘सोयुझमल्टफिल्म’ हा सरकारी स्टुडिओ उभा राहिला. सुरुवातीची त्याची चित्रं डिस्नेच्या वळणाची होती. चाल बदलली ती साठच्या दशकात, फ्योदर खित्रुकच्या 1962 मधल्या ‘एका गुन्ह्याची गोष्ट’पासून. पाच वर्षांनी रोमान काचानोवने ‘हातमोजा’ केला. बाहुल्यांचा चित्रपट, संवाद एकही नाही. एका लहान मुलीला कुत्र्याचं पिल्लू हवं आहे. पुस्तकात डोकं खुपसून बसलेली आई नको म्हणते. मुलगी आपला लाल हातमोजा दोरीला बांधून बर्फातून ओढत फिरते आणि मोज्याचं पिल्लू होतं. पुढे कुत्र्यांची शर्यत, पिल्लाची फजिती, आणि पिल्लाचा पुन्हा मोजा. घरी येऊन ती त्या मोज्यापुढे बशीत दूध ठेवते. इथे काचानोव ना संगीत चढवतो, ना आईच्या डोळ्यांत पाणी आणतो. आई बघते, पुस्तक ठेवते आणि शेजाऱ्यांकडचं पिल्लू आणायला निघते, एवढंच. चूक मोठ्या माणसाची होती आणि ती मोठ्या माणसानेच, न बोलता, दुरुस्त केली. आपल्याकडच्या बालचित्रपटात याच जागी आजोबांचं भाषण आलं असतं.

1969 मध्ये काचानोवनेच एदुआर्द उस्पेन्स्कीच्या पुस्तकावरून ‘मगर गेना’ केला. प्राणिसंग्रहालयात मगरीच्या हुद्द्यावर नोकरी करणारा गेना संध्याकाळी घरी येऊन एकटाच बुद्धिबळ खेळतो आणि शेवटी ‘मित्र पाहिजेत’ अशा जाहिराती लिहून गावभर डकवतो. संत्र्यांच्या पेटीतून आलेला चेबुराष्का विज्ञानाला ठाऊकच नसल्याने प्राणिसंग्रहालयही त्याला घेत नाही. तो राहतो टेलिफोन बूथमध्ये. सगळे एकटे मिळून मैत्रीसाठी घर बांधतात. घर पुरं होतं तेव्हा लक्षात येतं की बांधता बांधताच मैत्री झालेली आहे, आता घराचं काय करायचं? विनोद आहे, पण पोटात खड्डा पाडणारा. दुसऱ्या भागात गेना अकॉर्डियनवर वाढदिवसाचं गाणं म्हणतो. व्लादिमीर शाइन्स्कीची ती चाल ऐकली की आनंद साजरा होतोय की वर्ष सरल्याचं वाईट वाटतंय, हे कळेनासं होतं. रशियन घरांत वाढदिवसाला आजही तेच गाणं म्हणतात.

या सगळ्याचं शिखर म्हणजे युरी नोर्श्तेइनचं 1975 मधलं ‘धुक्यातला हेजहॉग’. दहा मिनिटांचं, सेर्गेई कोझलोवच्या गोष्टीवरचं. काटेरी अंगाचा एक जीव रोज संध्याकाळी अस्वलाकडे तारे मोजायला जातो. वाटेत धुक्यात त्याला पांढरा घोडा दिसतो आणि तो आत शिरतो. मग घुबड, वटवाघळं, प्रचंड झाड, हरवलेलं मुरंब्याचं गाठोडं, नदी. शेवटी तो अस्वलाकडे सुखरूप पोचतो, अस्वल काळजीने बडबडत राहतं, आणि याचं मन मात्र त्या घोड्यापाशी. घोडा म्हणजे काय, हे कुणी सांगत नाही.

ते धुकं कसं केलं हे बघण्यासारखं आहे. नोर्श्तेइनची पात्रं कागद-सेल्युलॉइडचे कापलेले तुकडे. डोकं वेगळं, पंजा वेगळा, सगळे काचांच्या एकावर एक थरांवर मांडलेले, वरून कॅमेरा. पत्नी फ्रान्चेस्का यार्बुसोवा चित्रं काढायची. धुक्यासाठी चित्रावर अगदी पातळ, अर्धपारदर्शक कागद ठेवायचा आणि चौकटीगणिक तो किंचित वर, कॅमेऱ्याकडे न्यायचा. आकृती विरत जाते. बस्स. इतक्या साध्या युक्तीतून आलेलं ते धुकं आजच्या संगणकी धुक्यापेक्षा ओलसर वाटतं, कारण हात थरथरतो तसं तेही थरथरतं.

सोविएत राजवटीत माणसं दुःखी होती, म्हणून चित्रं दुःखी, असं एक झटपट स्पष्टीकरण नेहमी ऐकू येतं. मला ते पटत नाही. तशाच राजवटीत रटाळ आणि उपदेशी कार्टूनंही ढिगाने निघाली, ‘नू पगदी’सारखी धमाल पाठलागाची मालिकाही निघाली. सेन्सॉर होताच, आंद्रेई ख्रझानोव्स्कीचं ‘काचेचं हार्मोनिका’ 1968 मध्ये डब्यात गेलं. फरक पडला तो सरकारी पगाराने. गल्ल्याची चिंता नसल्याने दहा मिनिटांवर सावकाश काम करता आलं. तोही लाड कायमचा नव्हता. गोगोलच्या ‘ओव्हरकोट’वर नोर्श्तेइन 1981 पासून काम करतो आहे, त्याच्या संथपणाला कंटाळून स्टुडिओने त्याला बाहेर काढलं आणि चित्रपट अजून अपुराच आहे. सोविएत संघ मोडल्यावर या चित्रपटांचे परदेशातले हक्क अमेरिकेतल्या कंपनीकडे गेले, 2007 मध्ये एका रशियन धनाढ्याने ते विकत घेऊन परत आणले. 2023 च्या पहिल्याच दिवशी संगणकाने घडवलेला नवा चेबुराष्का रशियन पडद्यावर आला, कमाईचे विक्रम मोडले. लोकर छान आहे. टेलिफोन बूथमधला एकटेपणा मात्र त्या लोकरीत शोधावा लागतो.

आता आपल्याकडे. सोविएत बालपुस्तकं मॉस्कोहून मराठीत छापून आली, अनिल हवालदारांसारख्या अनुवादकांमुळे घराघरांत वाचली गेली. चित्रपट मात्र तसे आले नाहीत. आपली स्वतःची परंपरा जुनी आहे: फाळक्यांचं ‘आगकाड्यांची मौज’ 1915 चं, प्रभातचं ‘जंबू काका’ 1934 चं. नंतर लक्षात राहिलं ते ‘एक अनेक और एकता’, 1974 चं. विजया मुळे यांचं दिग्दर्शन, भीमसेन यांचं चित्रण, आणि संगीत कुडाळ तालुक्यातल्या सोनवड्याच्या वसंत देसाईंचं. उपदेशच तो, पण चालीने तारलेला.

याच कुडाळात, इब्रामपुरापासून फार लांब नव्हे, पिंगुळी आहे. तिथले ठाकर कलावंत चित्रकथीच्या पोथीतलं एकेक पान दाखवत रामायण-महाभारत गातात आणि चामड्याच्या बाहुल्यांचा पडद्यावर खेळ करतात. परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. ती चामड्याची बाहुली जवळून बघा: कापलेलं चामडं, मागून दिवा. नोर्श्तेइनच्या काचेवरच्या तुकड्यांची ही सख्खी चुलत बहीण. आणि सीतेच्या त्यागाची गोष्ट मुलांपासून लपवायची, असा संकोच त्या खेळात कधीच नव्हता. तो संकोच नंतर आला, बहुधा अभ्यासक्रमातून.

त्यामुळे ‘आपल्याकडे परंपरा नाही’ ही सबब चालत नाही. गुण आहे याचा पुरावा गीतांजली राव यांच्या 2006 मधल्या ‘प्रिंटेड रेनबो’त आहे: एकटी म्हातारी, तिची मांजर आणि काडेपेट्यांवरची चित्रं. पंधरा मिनिटं, एकटीने हाताने रंगवलेली, कान महोत्सवात गाजलेली. पण ती बघितली मोठ्यांनी. मुलांसाठी 1955 मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी 2022 मध्ये फिल्म्स डिव्हिजनसकट राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. वाहिन्यांना दर आठवड्याला नवा भाग लागतो, आणि तो बावीस मिनिटांच्या मापाने खरेदी होतो. दहा मिनिटांच्या चित्रासाठी चारपाच माणसांना दोन वर्षं पगार कोण देणार, हा प्रश्न ठेवायला आता वेगळं टेबलही उरलेलं नाही.