शासकीय परिभाषेतील ‘लहान’ उद्योग : कागल परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

शासनाने लहान धंद्याला साहाय्य करावे की करू नये, हा वाद आता जुना झाला आहे. दत्तात्रय गोपाळ कर्वे ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ साली ग्रामीण व लघु उद्योगांची बाजू दुसऱ्या पंचवार्षिक योजनेपुढे मांडली. १९६२ साली महाराष्ट्रात औद्योगिक विकास महामंडळ व लघुउद्योग विकास महामंडळ ही दोन्ही अस्तित्वात आली. १९६७ पासून काही वस्तूंचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्यात आले, आणि २०१५ साली त्या यादीतील अखेरच्या वस्तूही मोकळ्या करण्यात आल्या. मधल्या काळात जिल्हा उद्योग केंद्रे निघाली, २००६ साली स्वतंत्र केंद्रीय अधिनियम झाला. ह्या सर्व खटाटोपाचे आर्थिक मूल्यमापन अर्थशास्त्रज्ञ करीत आले आहेत. परंतु शासनाची कोणतीही योजना माणसापर्यंत प्रथम पोचते ती पैशाच्या रूपाने नव्हे, तर वाक्याच्या रूपाने. त्या वाक्यातील शब्दांत त्याला स्वतःची ओळख पटली, तर तो पुढे येतो. नाही पटली, तर योजना कितीही उदार असली तरी त्याच्या दृष्टीने ती दुसऱ्या कोणाची तरी असते. ह्या वाक्याचे परीक्षण मात्र आपल्याकडे क्वचितच झाले आहे.

अशा परीक्षणास कागल तालुका विशेष सोयीचा आहे. कागल व हातकणंगले ह्या दोन तालुक्यांत पसरलेली औद्योगिक वसाहत सरकारी दप्तरात ‘पंचतारांकित औद्योगिक क्षेत्र’ म्हणून ओळखली जाते. हॉटेलांची प्रतवारी कारखान्यांच्या जमिनीला लावण्याचा हा प्रकार मौजेचा खरा; पण तो येथे सोडून देऊ. त्याच कागल तालुक्यात सेनापती कापशी हे गाव आहे, आणि कोल्हापुरी चपलांचा ‘कापशी’ हा घाट त्या गावाच्या नावाने ओळखला जातो. एकीकडे ओतकाम व यंत्रभाग घडविणारे कारखाने, दुसरीकडे आरी व रापी घेऊन बसलेला कारागीर. ह्या दोघांना शासनाच्या परिभाषेत एकच नाव आहे: ‘सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम’.

हे नाव मराठीत कोठून आले, ते पाहिले पाहिजे. मराठीत ‘उपक्रम’ म्हणजे हाती घेतलेले एखादे कार्य. शाळेत उपक्रम राबविले जातात, वाचनालयाचा उपक्रम स्तुत्य असतो. माणूस ज्यावर पोट भरतो, त्याला मराठी मनुष्य उपक्रम म्हणत नाही. ‘उद्यम’ ह्या शब्दाची गतही अशीच आहे. मराठीत तो खटपट, परिश्रम, उद्योगीपणा ह्या गुणाचा वाचक आहे, संस्थेचा नव्हे. २०२० च्या जुलैपासून ज्या नोंदणीला ‘उद्यम’ हे नाव मिळाले, ती नोंदणी करताना कागलचा गिरणीवाला आपल्या गिरणीची नव्हे, तर आपल्या कष्टाळूपणाची नोंद करीत आहे, असे शब्दार्थाने म्हणावे लागेल. दोन्ही शब्द संस्कृत असल्यामुळे ते मराठी वाटतात, आणि धोका नेमका तेथेच आहे. हिंदीतील पारिभाषिक अर्थ त्यांच्या पाठीवर बसून मराठीत येतो व आधीच्या अर्थाला न विचारता स्थानापन्न होतो. इंग्रजी शब्द जसाच्या तसा आला असता, तर तो परका आहे एवढे तरी कळले असते. थकलेल्या बिलांच्या तक्रारीसाठी २०१७ साली केंद्र शासनाने उभारलेल्या व्यवस्थेचे नाव ‘समाधान’ आहे. हिंदीत ते ‘तोडगा’ ह्या अर्थी चपखल आहे. मराठीत मात्र समाधान म्हणजे संतोष. आणि ज्याचे बिल सहा महिने अडकले आहे त्याला संतोषाच्या दारी तक्रार करण्यास सांगणे हा अनवधानाने झालेला उपहास होय.

त्याहून गंभीर बाब ‘सूक्ष्म’ ह्या विशेषणाची आहे. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत व वार्षिक उलाढाल दहा कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. त्यापूर्वी, २०२० च्या व्याख्येप्रमाणे, ह्या मर्यादा अनुक्रमे एक कोटी व पाच कोटी होत्या. मर्यादा वाढविण्यामागे कारण आहे. महागाई वाढते, यंत्रांच्या किमती वाढतात, आणि थोडा मोठा होताच सवलती जातील ह्या भीतीने उद्योग मुद्दाम लहान राहतो, हा जुना अनुभव आहे. तेव्हा मर्यादा वाढविणे अयोग्य होते, असे येथे म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे एवढेच, की सूक्ष्म ह्या शब्दाला खालची मर्यादा नाही. दहा कोटींची उलाढाल असलेला वसाहतीतील कारखानदार आणि दिवसाला चपलेचा एखादा जोड पुरा करणारा कापशीचा कारागीर हे दोघेही सारखेच सूक्ष्म. मराठी भाषेला मोठा, मध्यम, लहान, बारका, किरकोळ, हातावर पोट असलेला अशा कितीतरी पायऱ्या ठाऊक आहेत. कायद्याने तीनच ठेवल्या, आणि सर्वांत खालची इतकी रुंद केली की तीवर कोण कोठे उभा आहे हे दिसेनासे झाले. ‘सूक्ष्म उद्योगांना अमुक इतके कर्ज वाटले’ असे विधान जेव्हा केले जाते, तेव्हा त्यातला वाटा आरीपर्यंत पोचला की लेथपर्यंतच थांबला, हे त्या विधानावरून कळण्याचा मार्ग उरत नाही. हा केवळ शब्दाचा दोष नव्हे. पण शब्दाने तो झाकला जातो.

ह्या परिभाषेत ‘धंदा’ हा शब्द कोठेच नाही, ही गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. कागलच्या बाजारपेठेतील माणूस ‘तुमचा उद्योग काय?’ असे विचारीत नाही, ‘धंदा काय?’ असे विचारतो. ‘नसते उद्योग’ हा प्रयोग तर त्याच्या तोंडी निंदेचाच आहे. धंदा ह्या शब्दात घडविणे आणि विकणे ह्यांत भेद नाही. चप्पल शिवणारा तीच चप्पल जत्रेत मांडून विकतो, तेव्हा त्याचा धंदा एकच असतो. कायद्याला मात्र हा भेद करावा लागतो. जुलै २०२१ मध्ये किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांना ह्या नोंदणीत पुन्हा प्रवेश मिळाला, पण केवळ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरता. विलंबित देयकांविरुद्धचे संरक्षण त्यांना नाही. म्हणजे दाखला तोच, शीर्षक तेच, आणि अधिकार निराळे. बाजारातील दुकानदाराने दाखला भिंतीवर लावला, आणि उधारी थकल्यावर त्या दाखल्याच्या आधारे दाद मागावयास गेला, तर आपण ‘उद्यम’ असूनही ‘पुरवठादार’ नाही, हे त्याला तेथे समजते.

शब्दांपेक्षा वाक्यरचना अधिक बोलकी असते. साहाय्याच्या कोणत्याही योजनेचे मराठी पत्रक घ्यावे. त्यात दोन प्रकारची वाक्ये आढळतात. पहिल्या प्रकारात कर्ता स्पष्ट असतो: अर्जदाराने कागदपत्रे सादर करावीत, अर्जदाराने हिस्सा भरावा, अर्जदाराने यंत्रे अमुक मुदतीत बसवावीत. दुसऱ्या प्रकारात कर्ता नाहीसा होतो: अर्जाची छाननी करण्यात येईल, कर्ज मंजूर करण्यात येईल, अनुदान वितरित करण्यात येईल. ‘-ण्यात येणे’ हा प्रयोग मराठीत अशुद्ध नाही. कर्ता अज्ञात असतो किंवा महत्त्वाचा नसतो, तेथे तो योग्यच असतो. परंतु येथे कर्ता अज्ञात नाही. छाननी कोणता अधिकारी करतो, मंजुरी कोणती बँक देते, हे पत्रक लिहिणारास ठाऊक असते. कर्तव्य अर्जदाराचे असते तेव्हा भाषेला कर्ता सापडतो, कार्यालयाचे असते तेव्हा तो हरवतो, आणि कर्त्याबरोबर मुदतही हरवते. ‘यथावकाश’ हे क्रियाविशेषण अशा वाक्यांना फार मानवते.

ही रचना कायद्याच्या भाषेला अपरिहार्य आहे, असे कोणी म्हणेल. तर त्याला उत्तर त्याच २००६ च्या अधिनियमात आहे. त्याच्या पंधराव्या कलमात खरेदीदार हा उघड कर्ता आहे. लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे त्याने चुकते करावयाचे. न केल्यास सोळाव्या कलमाप्रमाणे बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज त्यानेच द्यावयाचे. कोणी, काय, केव्हा, आणि न केल्यास काय, ह्या चारही प्रश्नांना वाक्यात उत्तर आहे. कोल्हापूरच्या ओतकामाच्या व जॉबवर्कच्या धंद्यात, जेथे लहान कारखाना मोठ्या कारखान्याच्या बिलावर तगून असतो, ह्या कलमाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. गिऱ्हाईक तुटेल ह्या भीतीने तक्रार होत नाही, हे खरे. तथापि १ एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियमही त्याला जोडला गेला: मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखविता येत नाही. येथेही कर्ता खरेदीदारच आहे, आणि लहान माणसाला तक्रार करावी लागत नाही. चांगल्या कायद्याचे व्याकरण कसे असते, ह्याचा हा नमुना म्हणावयास हरकत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेकडे आता वळावे. अठरा व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाख रुपये कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. हे साहाय्य क्षुल्लक नाही. सूक्ष्म ह्या रुंद पायरीवरून जो खाली घसरतो, त्याला हाक मारणारी ही योजना आहे. पण ती हाक कोणत्या नावाने मारते? सुतार, लोहार, सोनार, कुंभार, पाथरवट, चर्मकार, न्हावी, माळी, परीट, शिंपी. मराठीत ही व्यवसायांची नावे आहेत, त्याचबरोबर जातींचीही आहेत. इंग्रजीत ‘बार्बर’ म्हटल्याने माणसाची जात कळत नाही. मराठीत ‘न्हावी’ म्हटल्याने ती कळते किंवा गृहीत धरली जाते. त्यात मूळ मार्गदर्शक सूचनांमध्ये ‘कुटुंबाधारित पारंपरिक व्यवसाय’ अशी शब्दयोजना आहे. योजना जातीची अट घालीत नाही, असे समर्थन करता येईल, आणि ते अक्षरशः खरेही आहे. परंतु ‘कुटुंब’ आणि ‘परंपरा’ हे दोन शब्द ह्या नावांशेजारी ठेवले, की मराठी वाचकाच्या मनात तिसरा शब्द आपोआप उमटतो. तामिळनाडू शासनाने नेमक्या ह्या शब्दांवर आक्षेप घेऊन २०२४ साली ही योजना तिच्या त्या स्वरूपात राबविण्यास नकार दिला. महाराष्ट्रात हा प्रश्न भाषेचा म्हणून विचारला गेला नाही.

तो येथे विचारला जावयास हवा होता, कारण कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ साली आपल्या संस्थानात बलुतेपद्धती कायद्याने बंद केली होती. जन्माने आलेला धंदा सक्तीने करावा लागू नये, हा त्या कायद्याचा आशय. शाहू छत्रपतींच्या उद्योगविषयक कार्याची नोंद करताना १९०६ ची कापडगिरणी, किंवा आपले जनक जयसिंगराव घाटगे ह्यांच्या नावाने वसविलेली जयसिंगपूरची पेठ, ह्यांचा उल्लेख नेहमी होतो. लहान धंद्याच्या दृष्टीने ह्यांहून अधिक अर्थपूर्ण उदाहरण आहे ते गंगाराम कांबळे ह्यांच्या चहाच्या हॉटेलाचे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या ह्या गृहस्थांना महाराजांनी धंदा उभारण्यास मदत केली, हे सर्वज्ञात आहे. मात्र भांडवल मिळाले तरी त्यांच्या हातचा चहा पिणार कोण, हा प्रश्न भांडवलाने सुटणारा नव्हता. तो महाराजांनी स्वतः तेथे चहा घेऊन सोडविला. येथे राजा दाता राहिला नाही, गिऱ्हाईक झाला. आणि गंगाराम कांबळे लाभार्थी राहिले नाहीत, दुकानदार झाले. बलुत्याच्या यादीत हॉटेलवाला नव्हता, हेही विसरता कामा नये. वंशपरंपरेबाहेरचा धंदा राजाश्रयाने उभा राहिला, हे त्यातले मर्म.

‘लाभार्थी’ ह्या शब्दाचे उणेपण ह्या उदाहरणाशेजारी ठेवले म्हणजे ध्यानात येते. लाभार्थी म्हणजे लाभाची इच्छा करणारा. ह्या शब्दात देवघेव नाही, घेणेच आहे. उलट ‘गिऱ्हाईक’ आणि ‘दुकानदार’ हे शब्द जोडीने येतात व एकमेकांना तोलून धरतात. २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणाने केंद्रीय खात्यांना व उपक्रमांना आपल्या खरेदीचा ठराविक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेणे बंधनकारक केले. आज तो पंचवीस टक्के असून, त्यात चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या व तीन टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे. शासनाने गिऱ्हाईक होण्याचीच ही आधुनिक रीत. तरीही ह्या धोरणाची मराठी माहिती जेथे दिली जाते तेथे ‘लाभ’ हाच शब्द पुन्हा डोके वर काढतो.

लहान उद्योगांची बाजू मांडणाऱ्या संघटनांविषयी थोडक्यात. गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’, शिरोलीची ‘स्मॅक’, कागल–हातकणंगलेची ‘मॅक’ ही नावे इंग्रजी आद्याक्षरांतून झाली असली, तरी ती मराठीत पूर्ण मुरली आहेत. ‘गोशिमाचे’, ‘स्मॅकने’ अशी ती सहज चालतात. त्यांच्या मागण्यांची भाषा रोखठोक असते: वीजदर, भूखंड, रस्ते, परतावा. वीजदराच्या प्रश्नावर सीमेपलीकडे कर्नाटकात जाण्याची भाषा कोल्हापूरच्या उद्योजकांनी एकाहून अधिक वेळा केली, व ती ऐकली गेली. जो सीमेपलीकडे जाऊ शकतो, त्याच्या बोलण्याला वजन येते. कापशीच्या कारागिराला असे वजन नाही.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला मिळालेल्या नोंदणीत हे स्पष्ट दिसते. वृत्तपत्रे तिला ‘भौगोलिक मानांकन’ म्हणतात, काही जण ‘भौगोलिक निर्देशांक’. मानांकन म्हणजे दर्जाचा शिक्का, निर्देशांक म्हणजे महागाईचा असतो तसा आकडा. मूळ कायद्यातील अर्थ ह्या दोहोंतही नाही. १९९९ चा तो कायदा नावावरील हक्काचा आहे: अमुक प्रदेशातील माणसांनीच हे नाव वापरावे. ‘मानांकन’ म्हटल्याने कारागिराला वाटते, आपल्या चपलेला बक्षीस मिळाले. नाव आपले झाले व त्यासाठी आपण स्वतः ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करावयास हवी, हे त्या शब्दातून सुचत नाही. जून २०२५ मध्ये प्राडा ह्या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तशाच घाटाच्या चपला ‘चामड्याच्या चपला’ एवढ्याच वर्णनाने मांडल्या, तेव्हा गहाळ झाले होते ते हे नावच. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले, कंपनीने चेंबरला उत्तर दिले आणि मूळ प्रेरणा मान्य केली. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीचा सामंजस्य करार झाला तो महाराष्ट्र व कर्नाटक ह्या राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी. ह्या साऱ्या पत्रव्यवहारात कारागीर तृतीय पुरुषी राहिला. त्याच्यापर्यंत ह्या कराराच्या अटी, विशेषतः जोडामागे त्याला मिळावयाचा भाव आणि तो देण्याची मुदत, मराठीत व कन्नडमध्ये कोणत्या वाक्यांनी पोचतात, आणि त्या वाक्यांत पैसे ‘देण्यात येतात’ की कोणी ते देतो, हे तपासण्याचे काम भाषाभ्यासकांचे आहे.