ध्रुवप्रदेशाची साक्ष : ‘आर्क्टिक होम’ ग्रंथाविषयीं कांहीं विचार

लोकमान्य टिळकांचा ‘दि आर्क्टिक होम इन् दि वेदाज्’ हा इंग्रजी ग्रंथ १९०३ सालीं पुण्यास प्रसिद्ध झाला. तेव्हांपासून आपल्याकडे त्याची गत दोन प्रकारची झाली आहे. कोणी तो न वाचतां पूजिला. कोणी तो न वाचतांच हंसण्यावारीं नेला. जुन्या पोथ्यापत्रांचा संग्रह करणाऱ्यांस हे दोन्ही मार्ग वर्ज्य होत. साक्षीदार तपासावा, त्याचें म्हणणें कोठवर टिकतें तें पाहावें, व न बोलाविलेला कोणी साक्षीदार राहिला असल्यास त्यास बोलवावें, ही आपली रीत आहे. त्या रीतीनेंच या ग्रंथाकडे पाहण्याचें आम्ही योजिलें आहे.

ग्रंथाचा सिद्धान्त थोडक्यांत असा : शेवटल्या हिमकालापूर्वीं ध्रुवाभोंवतालचा प्रदेश सौम्य व वस्तीयोग्य होता, वैदिक व इराणी लोकांचे पूर्वज तेथें राहत, बर्फ पसरल्यावर ते दक्षिणेस निघाले, आणि त्या देशाच्या आठवणी सूक्तांत राहिल्या. लांबलेली उषा, दीर्घ रात्र, दहा महिन्यांचीं सत्रें, नवग्व, दशग्व व दीर्घतमा यांच्या कथा हीं त्या आठवणींचीं चिन्हें.

या ग्रंथाचा मोठा गुण असा कीं, उषासूक्तें वाचतांना अडखळावयास त्यानें शिकविलें. आमच्या सोलापुरास पहिल्या फटफटीपासून सूर्यबिंब दिसेपर्यंत सव्वा ते दीड तास लागतो. ध्रुवबिंदूवर त्याच क्रियेस दीड ते दोन महिने लागतात. उषांचें अनेकवचन आणि तैत्तिरीय संहितेंतील तीस उषा यांजकडे केवळ काव्यालंकार म्हणून पाहून भागत नाहीं, हें टिळकांनीं दाखविलें. वेंदिदादच्या दुसऱ्या फर्गर्दांत यिमाच्या आवारांतील लोकांस वर्ष एका दिवसासारखें वाटतें असें आहे. हा त्यांचा सर्वांत बळकट पुरावा होय.

परंतु सर्वच वचनें इतका भार सोसत नाहींत. ऋग्वेद ७.७६.३ मधील ‘अहानि’ या पदाचा सायणाचार्यांनीं ‘तेजें’ असा अर्थ केला, टिळकांनीं ‘दिवस’ असा केला. येथें टिळकांचा अर्थ सरळ आहे. मात्र ‘प्राचीनम्’ या पदानें पूर्वीं होऊन गेलेल्या सकाळींचाही बोध होतो. एकाच सूर्योदयाआधीं अनेक दिवस लोटले असें त्यावरून ठरत नाहीं. २.२८.९ मध्यें अद्याप न उजळलेल्या पुष्कळ उषांचा उल्लेख आहे. पण ऋषि तेथें वरुणापाशीं ऋणांतून सुटका व त्या उषांत जगणें मागत आहे. पुढें येणारे दिवस, हाच तेथील प्रकरणशुद्ध अर्थ. देवांचें अहोरात्र म्हणजे मनुष्याचें वर्ष, हें मनुस्मृतींत आहे. परंतु मेरूवर सहा महिन्यांचा दिवस असतो हें सूर्यसिद्धान्तकारांनीं तेथें न जातां गणितानेंच सांगितलें. तैत्तिरीय ब्राह्मणाचें वचन या गणिताहून जुनें आहे, हें टिळकांचें उत्तर विचारार्ह आहे. तथापि केवळ त्या एका वचनावर सिद्धान्त उभा राहत नाहीं.

भूगर्भशास्त्राचा आधार तर आज उरलेला नाहीं. हिमकाल सुमारें ११,७०० वर्षांपूर्वीं संपला, म्हणजे टिळकांनीं घेतलेला इ. स. पूर्व ८००० हा अंक फार चुकला नव्हता. परंतु त्या हिमकालाच्या आधींचा उबदार काळ सुमारें १,१५,००० वर्षांपूर्वींच आटोपला होता. इतक्या अंतरावरून सूक्तांत आठवण उतरली असें मानणें अशक्य आहे.

आतां न बोलाविलेल्या साक्षीदाराकडे वळूं. टिळकांच्या युक्तिवादाचा भार आकाशाच्या लक्षणांवर आणि संस्कृत व अवेस्ता वचनांवर आहे. त्या आकाशाखालीं राहणाऱ्या लोकांच्या सांगण्यावर नाहीं. वास्तविक नॉर्डेनशल्डचें ‘व्हेगा’ जहाज १८७८–७९ चा हिंवाळा चुकची लोकांच्या शेजारीं अडकून पडलें होतें, आणि मध्य एस्किमोंविषयींचा बोआस यांचा ग्रंथ १८८८ सालीं निघाला होता. पुढें सैबेरियांत याना नदीकांठीं, सुमारें ७१ अक्षांशावर, ३१,००० वर्षांहून जुनी वस्ती सांपडली. तेथें गेंड्याच्या शिंगाचें शस्त्र व लहान मुलांचे दोन दुधाचे दांत मिळाले. म्हणजे ध्रुवप्रदेशांत माणूस होता, आणि तो ऐन हिमकालांत होता. वस्तीसाठीं सौम्य हवेची कल्पना करण्याचें कारणच नव्हतें.

या लोकांच्या वंशजांची नव्हे, पण त्याच रात्रीखालीं राहणाऱ्या दुसऱ्या एका समाजाची साक्ष ऐकण्यासारखी आहे. कॅनडांतील इग्लूलिक येथें नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य दिसत नाहीं. तो परतला कीं सर्व घरांतील दिवे मालवून ते एकाच ज्योतीवरून पुन्हां पेटविण्याची चाल तेथील इनुइट वृद्धांनीं सांगितली आहे. अग्निहोत्र्यास ही चाल ऐकून नवल वाटणार नाहीं. परंतु इनुइट हे आर्य नव्हत. एका आकाशाखालीं एकासारखे विधि होतात. त्यावरून वंश ठरत नाहीं. शिवाय त्या दिव्यांत तेल असतें तें सीलच्या चरबीचें. ऋग्वेदाच्या अग्नींत पडतें तें गाईचें तूप. दीर्घ उषा स्मरणांत राहिली, आणि जिच्या चरबीवर ती रात्र काढिली त्या प्राण्याचें नांवही राहिलें नाहीं, हें पटण्यासारखें नाहीं. ज्या ग्रंथाच्या नांवांत ‘घर’ आहे, त्यांत चूल दिसावयास हवी.

आज हा प्रदेश केवळ पोथींतून पाहण्याचा राहिलेला नाहीं. स्वालबार्ड बेटांवर ७९ अक्षांशाजवळ भारताचें ‘हिमाद्रि’ केंद्र २००८ सालीं उघडलें. गोव्याच्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र तें चालवितें, आणि डिसेंबर २०२३ मध्यें पहिली हिंवाळी मोहीम तेथें निघाली. उषासूक्तें जाणणारा एखादा अभ्यासक त्या मोहिमेबरोबर गेला, तर दीर्घ उषेचें वर्णन ऋचांशीं पदशः ताडून पाहतां येईल. मात्र स्वालबार्डास मूळचे रहिवासी नाहींत. माणसांची साक्ष हवी असल्यास सामी, नेनेत्स, चुकची व इनुइट यांच्याकडेच गेलें पाहिजे. त्यांचें वाङ्मय मुखोद्गत आहे, आणि तें सांगणारा एकेक वृद्ध गेला कीं एकेक पोथी जाते. आपल्या संग्राहकांस याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं.

टिळकांचा सिद्धान्त आम्हांस मान्य नाहीं. त्यांनीं विचारलेला प्रश्न मात्र जिवंत आहे. त्या उषा इतक्या लांब कां, याचें उत्तर अद्याप द्यावयाचें आहे.

भवानी पेठ, सोलापूर.