पाद्रीबाबाची मराठी, आपलं इंग्रजी

मराठीचं वय अंबाजोगाईच्या माणसाला कुणी शिकवायला नको. मुकुंदराजांची समाधी इथंच आहे आणि परंपरेनं 'विवेकसिंधु' ११८८चा मानला जातो. याच गावात स्पोकन इंग्लिशच्या क्लासच्या पाट्याही आहेत. परक्या भाषेत तोंड उघडायचं धाडस येतं कुठून, हे शोधत मी फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'पर्यंत पोचलो.

हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. ग्रंथ छापला गेला १६१६ला, रोमन अक्षरांत. मधली सदतीस वर्षं लक्षात ठेवा. आपण तीन महिन्यांच्या क्लासनंतर स्वतःवर चिडतो. ओव्या दहा हजारांहून जास्त. मुकुंदराजांनी वापरलेला छंदच त्यानं ख्रिस्ताच्या कथेला लावला.

स्टीफन्स म्हटलं की मराठीच्या स्तुतीचा तो एकच उतारा पुढं केला जातो: फुलांत मोगरा, परिमळांत कस्तुरी वगैरे. मला तो फारसा थोर वाटत नाही. पाहुण्यानं घराचं केलेलं कौतुक, गोड लागतं इतकंच. खरं धाडस प्रस्तावनेत आहे. जुन्या कवींचे अवघड शब्द टाळले, लोकांना कळावं म्हणून तिथल्या ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले, असं तो सरळ सांगतो. म्हणजे भाषा भेसळीची आहे आणि ती त्यानं जाणूनबुजून तशी ठेवलीय. समोर परीक्षक बसलाय असं समजून हा माणूस लिहीत नाही. ऐकणारे बसलेत, त्यांच्यासाठी लिहितो.

पण इथं मला थोडं भांडायचंय. ज्या गोव्यात १५६०पासून इन्क्विझिशन होतं, तिथं पाद्र्याची ओवी चुकली तर हसणार कोण? पुण्यात मुलाखतीला गेलेल्या केज-धारूरच्या पोराला हसणारे टेबलापलीकडंच असतात. आणि १६८४ला पोर्तुगीज सरकारनं हुकूम काढला: तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. एकाला परकी भाषा हौसेनं जवळ करता आली, बाकीच्यांवर ती लादली गेली. 'क्रिस्तपुराणा'चं कौतुक करताना हा हिशेब सहसा कुणी मांडत नाही.

तरी पुस्तक बाजूला ठेववत नाही, ते 'वैकुंठ' या शब्दामुळं. ख्रिस्ताच्या स्वर्गाला त्यानं बिनदिक्कत वैकुंठ म्हटलं. शब्द त्याच्या धर्मातला नव्हता, ऐकणाऱ्यांच्या तोंडातला होता. हेच उलट बाजूनं करून बघावंसं वाटतं. आमच्याकडं 'कोयता' म्हणजे नुसतं हत्यार नाही. ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपंही कोयताच. मुकादमाकडून घेतलेली 'उचल' म्हणजे नुसता ॲडव्हान्स नाही, ती फिटेपर्यंत सुटका नसते. बीडच्या कुणी इंग्रजीत लिहायला घेतलं, तर हे दोन शब्द तसेच ठेवावेत. अडखळू दे वाचणाऱ्याला.